क्वार्टर पॅनलवरचं कासव

फिल्म उचलली, तसा कासवाचा मागचा पायही फिल्मबरोबर वर आला.

डाव्या हातात गरम हवा फेकणारी हीट गन, उजव्या हाताच्या चिमटीत फिल्मचं टोक, आणि मी तसाच उभा. अजून ओढावं तर अख्खं कासव येणार. सोडून द्यावं तर पाय दुमडून कुठंतरी चिकटणार. पलीकडे माझे कारागीर राजूभाऊ दुसऱ्या गाडीच्या दारावर पाणी मारत होते. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, स्प्रेची बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "म्या म्हटलं होतं."

म्हटलं होतं खरं. म्हणून तर जास्त राग आला. चुकल्यावर बरोबर माणूस समोर उभा असला की डोकं आणखीच सटकतं.

आता हे कासव कुठलं ते सांगतो. चंद्रपुरात माझं कार डिटेलिंगचं दुकान आहे. गाडी धुणं, पॉलिश, कोटिंग आणि पीपीएफ. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. मोबाईलच्या काचेवर आपण गार्ड लावतो ना, तसा गाडीच्या रंगावर लावायचा पारदर्शक गार्ड. ओरखडा पडला तर फिल्मवर पडतो, खालचा रंग वाचतो. लोकांना वाटतं ही पुण्या-मुंबईची चैन आहे. बाप्पा, खरी गरज तर आमच्याकडं आहे. इकडं कोळशाची धूळ, आणि गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर गेलं की दोन्ही बाजूंनी बांबू आणि काटेरी झुडपं गाडीला घासत राहतात. सहा महिन्यांत नव्या गाडीची रया जाते.

पीपीएफच्या आधी मी अठरा वर्षं रेडियमचं काम केलं. गाडीवर चिकटवायच्या कुठल्याही स्टिकरला आमच्याकडं रेडियमच म्हणतात, तो अंधारात चमको की न चमको. जीपवर आईचं नाव, ऑटोवर लेकीचं नाव, ट्रकच्या मागं जबडा उघडलेला वाघ. सगळं हातानं, ब्लेडनं कापायचो. पुढं कापायचं मशीन आलं, त्याला प्लॉटर म्हणतात. पण हात तोच राहिला. स्टिकर बघितला की तो कसा कापला, किती चिकटला, कसा निघेल हे मला कळतं असा माझा समज होता.

आणि स्वभाव उतावळा. बायको म्हणते, हा माणूस चहा गाळायच्या आधी कप तोंडाला लावतो. माझ्या धंद्यात हा स्वभाव म्हणजे रोजचा ताप. फिल्म लावल्यावर वाट बघावी लागते. तेवढंच मला जमत नाही. राजूभाऊ नेमके उलटे. पन्नाशीचे, जुने पेंटर, गाडीभोवती एक चक्कर मारायला त्यांना दहा मिनिटं लागतात. मी त्यांच्यावर खेकसतो, ते मला "हो भाऊ" म्हणतात आणि त्यांच्याच चालीनं काम करतात.

तर ती गाडी एका डॉक्टर मॅडमची होती. सुनंदा मॅडम. जनावरांच्या डॉक्टर, पोस्टिंग गडचिरोलीतल्या अहेरीला. आतल्या गावांमध्ये गाई-बैलांना, शेळ्यांना लसी टोचत फिरायचं काम. इतकी वर्षं कुणाकुणाच्या गाड्यांवर बसून गेल्या, आता स्वतःची घेतली. हिरव्या रंगाची, जंगल थीमची स्पेशल एडिशन. टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून झिजले नव्हते. दोन्ही दारांवर कंपनीनंच लावलेली बांबूच्या पानांची नक्षी, आणि मागच्या चाकाच्या वरच्या भागावर, ज्याला आम्ही क्वार्टर पॅनल म्हणतो, तळहाताएवढं एक काळं कासव. डावीकडं एक, उजवीकडं एक.

मॅडमबरोबर त्यांचे वडील आले होते. सत्तरीचे, किरकोळ अंगाचे, हातात काठी, डाव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. सरळ कासवापाशी जाऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "याले काय करनार तुमी?"

मी माझं नेहमीचं सांगायला लागलो. कंपनीचा स्टिकर असला की तीन रस्ते असतात. पहिला, स्टिकरच्या कडेकडेनं फिल्म कापायची. स्टिकर उघडा राहतो, भोवती फिल्म. दिसायला सगळ्यात साफ. दुसरा, स्टिकरच्या वरून फिल्म न्यायची. तिसरा, स्टिकर काढायचा, फिल्म लावायची आणि फिल्मच्या वर नवा स्टिकर लावायचा. आम्ही शक्यतो पहिलाच रस्ता धरतो. मी खिशातून ब्लेड काढला आणि कासवाच्या पाठीभोवती हवेतच फिरवून दाखवला.

म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं. हात बारीक, पण पकड पक्की.

"ब्लेड नाई लावाचा त्याले," ते म्हणाले.

मॅडम जरा संकोचल्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या कुळात कासवाला मान आहे. त्याला मारत नाहीत, खात नाहीत, वाटेत दिसलं तर बाजूला होऊन जाऊ देतात. शोरूममध्ये बाबा गाड्यांकडं बघतही नव्हते. ही गाडी दिसली, त्यांनी कासवावर हात ठेवला आणि म्हणाले, हीच घे.

गोष्ट तेवढ्यावर संपत नव्हती. बाबांना साखर. त्यात पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. आता रोज ड्रेसिंग पाहिजे, वेळेवर खाणं पाहिजे, औषध पाहिजे. गावात ते होत नव्हतं. मॅडम दोन वर्षांपासून म्हणत होत्या, अहेरीला माझ्याकडं चल. बाबा म्हणायचे, माझं शेत इथं, मोहाची झाडं इथं, देव इथं, मी तिथं क्वार्टरमध्ये बसून काय करू. आणि मग ही गाडी आली. कासव न्यायला आलं तर नाही कसं म्हणू, असं म्हणाले आणि यायला तयार झाले. चंद्रपूरच्या दवाखान्यात शेवटचं दाखवायचं, गाडीचं काम करून घ्यायचं आणि गुरुवारी तिथूनच बाबांना घेऊन अहेरी गाठायची, असं ठरलं होतं.

"तुम्ही कसंही करा," मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पण कासवाला काही होऊ देऊ नका. ते बिथरले तर परत गावाला जातील. आणि मग तो पाय राहणार नाही."

मी म्हटलं, काळजी नका करू. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो, सवयीनं.

उरला दुसरा रस्ता. कासवाच्या वरून फिल्म. त्याचे तोटे मीच माझ्या तोंडानं मॅडमना सांगितले. कासव मॅट आहे, म्हणजे बिनचमकीचं. वरून फिल्म आली की चमकेल. त्याच्या कडेला पांढरी रेघ दिसेल. आणि ती फिल्म पुन्हा कधी उचलायची वेळ आली तर स्टिकर तिच्याबरोबर यायची भीती असते, कारण फिल्मचा गोंद स्टिकरच्या गोंदाहून जबर. हे मी सांगितलं. अगदी समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, चालेल. फिल्मवाल्या कंपनीच्या नागपूरच्या माणसालाही मी फोन लावला. तो म्हणाला, वरून लावणार असाल तर लावा, पण मग कंप्लेंट आमच्याकडे आणू नका. मी म्हटलं, तुमच्याकडं कंप्लेंट आणून आजवर कुणाचं भलं झालंय? त्यानं फोन ठेवला.

सोमवारी गाडी धुतली, क्ले मारला, म्हणजे चिकणमातीसारख्या वडीनं रंगावरची बारीक खरखर काढली. मंगळवारी बोनेट, फेंडर, दारं. बांबूची पानं काही मानाची नव्हती, तिथं ब्लेड फिरवून कडेनं कापलं, एकदम साफ. डावं क्वार्टर पॅनल राजूभाऊंनी केलं. बुधवारी सकाळी उजवं मी घेतलं.

काम असं असतं. पॅनलवर शाम्पूचं पाणी मारायचं. फिल्मच्या गोंदावरही मारायचं. मग फिल्म पाण्यावर तरंगते, हवी तशी सरकवता येते. जागेवर आली की रबराच्या पट्टीनं, स्क्वीजीनं, मधून कडेकडं पाणी ढकलून काढायचं. पाणी गेलं की गोंद धरतो. सपाट जागी हे सोपं. पण मध्येच कासव असलं, म्हणजे जाडी आली, की फिल्म त्याच्या कडेला अधांतरी राहते. चादरीखाली मोबाईल राहून गेला की चादर कशी दिसते, तसं. त्या फटीत पाणी आणि हवा अडकते आणि उजेडात चंदेरी रेघ दिसते.

डाव्या कासवाला अशी रेघ होती. उजव्यालाही आली. फक्त उजव्याच्या मागच्या पायापाशी ती जरा जाड होती. तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगा.

राजूभाऊंनी पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या भाऊ. दोन हप्ते उन्हात उभी राह्यली का पाणी निंगून जाते. मंग केसाएवढी रेघ राह्यते फक्त."

मला माहीत होतं. हेच मी गिऱ्हाइकाला छापील कागदावर देतो. तरी मी बँकेत जाऊन आलो आणि आधी तो फुगा बघितला. जेवलो आणि बघितला. दुसऱ्या गाडीच्या काचा करत होतो, मान आपोआप तिकडं वळत होती. घरी गेलो, पलंगावर पडलो तरी डोळ्यांपुढं तोच फुगा. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, कासव. ती कूस बदलून झोपली.

गुरुवारी सकाळी आठलाच दुकान उघडलं. फुगा तिथंच होता. कुठं जाणार होता म्हणा. पण त्या म्हाताऱ्याचं बोट पहिल्यांदा तिथंच जाईल असं मला वाटायला लागलं. हात शिवशिवत होते. राजूभाऊ आले तोवर मी हीट गन लावली होती. ते म्हणाले, "रातभर धरलं असन आता त्यानं. नका उचलू." मी म्हटलं, "अठरा वर्षं रेडियम केलं म्या. मले नका शिकवू." कोपरा गरम केला, फिल्म सोडवली, पायापर्यंत आणली, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच.

स्टिकर वाचायचा म्हणजे तो रंगाला फिल्मपेक्षा घट्ट चिकटलेला पाहिजे. गाडी नवीकोरी, स्टिकर ताजा, त्यावर माझ्या हीट गननं गोंद मऊ केलेला. वर फिल्मचा गोंद रात्रभर मुरलेला. रेडियम कसं काढतात हे मला माहीत होतं म्हणूनच मी गरम केलं. रेडियम काढायचं असतं तेव्हा तेच करतात. इथं ठेवायचं होतं. एवढी साधी गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही.

पाय ताणला, पांढरा पडला आणि कासवापासून तुटला. तीन पाय गाडीवर, एक फिल्मवर.  मी फिल्म वरच्या वर दुमडून टेपनं अडकवली आणि शोरूमच्या पार्ट्स काउंटरला फोन लावला.

"कासव एकटं नाही मिळत," तो म्हणाला. "पूर्ण साइडचा सेट येतो. ऑर्डर टाकावी लागेल."

"किती दिवस?"

"महिनाभर धरा. जास्तही लागू शकतो."

मला चार वाजेपर्यंत पाहिजे होतं.

मग मी तेच केलं जे रेडियमवाला करतो. डाव्या बाजूच्या कासवाचा फोटो काढला, कंप्युटरवर रेघ मारून घेतला, आरशासारखा उलटा केला, मॅट काळा रोल लावला आणि प्लॉटर चालू केला. दहा मिनिटांत कासव तयार. पाठीवरच्या चौकटी, शेपटीचं टोक, सगळं हुबेहूब. खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत मला बरं वाटलं. वरून फिल्म आली की कंपनीच्या माणसालाही ओळखू आलं नसतं.

राजूभाऊंनी ते टेबलावर पाहिलं. मग गाडीवरच्या तुटक्या कासवाकडं पाहिलं. "आनं हे?"

"खरवडून काढाचं."

त्यांनी बादल्या उचलल्या आणि बाहेर नळावर गेले. बादल्या स्वच्छच होत्या.

माझ्यानं राहवेना. मॅडमना फोन लावला. त्या दवाखान्यात बाबांना घेऊन ड्रेसिंगच्या रांगेत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या रांगेतून बाजूला झाल्या असाव्यात, मागचा गलका कमी झाला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नवीन लावून टाका. बाबांना काही सांगू नका. मी येते चारला."

झालं. मालकाचीच परवानगी मिळाली. आता माझ्यावर काही नव्हतं. गरम करायचं, प्लास्टिकच्या पात्यानं जुनं उचलायचं, स्पिरिटनं पुसायचं, नवं लावायचं, फिल्म खाली घ्यायची. तासाभराचं काम. मी पातं हातात घेतलं, गाडीपाशी गेलो आणि परत आलो. आरसे पुसले. पुन्हा गेलो. कासवाचं डोकं पुढच्या चाकाकडं होतं, तीन पाय टेकलेले. स्टिकर तो, प्लास्टिकचा. हजारो काढले असतील आयुष्यात. त्यातले किती देवाचे होते, किती आईच्या नावाचे होते, गाडी विकताना लोक काढून घेतात, मी काढून दिले. कधी हात थांबला नव्हता. पण त्या म्हाताऱ्यानं धरलेलं मनगट मला अजून जाणवत होतं. ब्लेड लावला नाही, पातं लावतो, अशी पळवाट काढत मी स्वतःशीच वाद घालत राहिलो. दीड वाजला, अडीच वाजले. डबा तसाच राहिला.

साडेतीनला दारात ऑटो थांबला. अर्धा तास आधीच.

बाबा काठी टेकत उतरले. आधी डावीकडं गेले. तिथलं कासव पाहिलं, फिल्मवरून बोटं फिरवली, मान हलवली. खूश झाले असावेत. मग गाडीच्या मागून वळून माझ्याकडं यायला लागले. मी उजव्या क्वार्टर पॅनलला पाठ लावून उभा. मागून मॅडम डोळ्यांनी विचारत होत्या, झालं का? मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सरका भाऊ," बाबा म्हणाले.

मी सरकलो नाही. आधी बोललो. "बाबा, ब्लेड नाही लावला. पण पाय तुटला कासवाचा. माझ्या हातानं तुटला. राजूभाऊ थांबा म्हणत होते. मी थांबलो नाही." आणि मग बाजूला झालो.

ते वाकले. डोळ्यांना जवळचं दिसत नसावं, मान मागं-पुढं करून पाहिलं. टेपनं दुमडलेल्या फिल्मवर अडकलेला पायही पाहिला. मग मॅडमशी गोंडीत काहीतरी बोलले. मॅडम खाली बघून एकदोन शब्द बोलल्या. मला ती भाषा येत नाही, पण माझं नाव त्यात आलं नाही एवढं कळलं. तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर गेली.

"ते कोनाचं?"

"ह्याच्या जागी लावायला केलं होतं," मी म्हटलं. "तसंच आहे अगदी."

"आनं ह्याले कुठी टाकनार होते?"

 कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडं माझी नजर गेली असावी, कारण त्यांचीही तिकडंच गेली.

"बाबा, मीच सांगितलं त्याह्यले," मॅडम म्हणाल्या.  "तू गाडीत बसनार नाई म्हनून. तू परत गावाले जाशीन म्हनून."

म्हातारा आता खुर्चीत बसला. पट्टीचा पाय पुढं लांब केला, काठी मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं, आता गेलं सगळं. ऑटो अजून दारातच उभा होता, त्याला थांबायलाच सांगितलं होतं की काय कोण जाणे.

"आमच्यात कासव मरून पडलेलं दिसलं," ते सावकाश म्हणाले, "तं घरचं मानूस गेल्यावानी करतो. आंघोळ करतो, घरातलं एक मडकं बाहेर टाकतो. हे का मेलं? हे लंगडं झालं." मग त्यांनी काठीनं स्वतःची पट्टी दाखवली. "माह्या पायाची दोन बोटं गेली. मंग हिनं का नवा बाप आनला?"

पहिले हसले राजूभाऊ. दारात बादली घेऊन उभे होते, हसता हसता पाणी सांडलं. मॅडमनी तोंडाला ओढणी लावली, हसत होत्या की रडत होत्या सांगता येत नाही. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली. सकाळपासून मी त्या स्टिकरचं काय करू यात अडकलो होतो आणि हा माणूस दोन वाक्यांत मोकळा झाला.

"पाय बसते का त्याचा परत?" त्यांनी विचारलं.

"बसेल. पण ताणलाय. सरळ नाही बसणार."

"बसन तसा बसवा. आमी बसतो इथी."

ऑटोवाल्याला मॅडमनी जायला सांगितलं.

तो पाय फिल्मपासून सोडवायला मला सव्वा तास लागला. ब्लेड नाही, पातं नाही. कोमट हवा, स्पिरिटचे थेंब आणि अंगठा. केसाएवढं सुटायचं, थांबायचं, पुन्हा केसाएवढं. म्हातारा समोर बसून बघत होता, म्हणून उतावळेपणाही करता येईना. घाम पुसायला हात रिकामा नव्हता, राजूभाऊंनी फडक्यानं माझं कपाळ पुसलं. पाय सुटला. जागेवर ठेवला. ताणल्यामुळं लांब झाला होता, कासवापासून सूतभर सुटा राहिला आणि बाहेरच्या बाजूला वाकडा गेला. उचलून पुन्हा लावायचा मोह झाला. मी राजूभाऊंकडं पाहिलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी हात काढून घेतला.

त्या पॅनलला फिल्मचा नवा तुकडा लावला. रेघ आली. फुगेही आले, एक नाही, तीन. मी स्क्वीजी खाली ठेवली.

बाबा उठले, बोटानं तो वाकडा पाय चाचपला आणि म्हणाले, "चालते." नव्या कासवाचं काय करू विचारलं तर म्हणाले, त्याला टाकू नका. लावू पण नका कुठं. म्हणजे काय करू, ते सांगितलं नाही. मॅडमनी पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी आधी काठी आत टाकली, मग पट्टीचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि बसले. मॅडमनी त्यांचा पट्टा लावला. साडेसहाच्या उजेडात गाडी अहेरीच्या रस्त्याला लागली.

तीन महिन्यांनी मॅडम फिल्म तपासायला आल्या. पाणी कधीच निघून गेलं होतं. फुगे नव्हते, केसाएवढी रेघ होती. राजूभाऊ म्हणाले होते तशीच. बाबा अहेरीलाच आहेत. क्वार्टरच्या नळाच्या पाण्याला चव नाही म्हणून रोज भांडतात, आठवडी बाजाराला काठी टेकत जातात, आणि कासव कुठल्या बाजूचं लंगडं आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. जखम भरली. उरलेली तीन बोटं राहिली.

गाडी देताना गिऱ्हाईक भरतं त्या जॉब कार्डवर त्यानंतर मी एक रकाना वाढवला: ब्लेड कुठे लावायचा नाही. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. एका ठेकेदारानं लिहिलं, कुठेच नाही. एका मास्तरांनी मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून लिहिलं, हा राहू द्या, मुलीनं पहिल्यांदा गाडी काढली तेव्हाचा आहे. आम्ही राहू दिला, वरून फिल्म लावली. त्याच्या कडेलाही रेघ आली. मी राजूभाऊंना हाक मारली. ते त्यांच्या चालीनं आले, बघितलं आणि म्हणाले, वाळू द्या. मी दोन्ही हात खिशात घातले आणि वाळू दिलं.